कापसातली कॅन

माझं नाव दीपा, आणि गेल्या जानेवारीपर्यंत शाळेत माझा आवाज कुणी नीट ऐकलाच नव्हता. हजेरीला मी "हजर" असं पुटपुटायचे की सर दोनदा विचारायचे. मग गॅदरिंगच्या दिवशी सूत्रसंचालन करणारी मुलगी तापानं फणफणली, बाईंनी समोर जी दिसली तिच्या हातात माईक कोंबला, आणि ती नेमकी मी होते. पहिलं वाक्य थरथरलं. दुसऱ्याला टाळ्या पडल्या. तेव्हापासून मी थांबलेलीच नाही. आई म्हणते, "हिच्या तोंडाले झाकण भेटते का कुठं, पाहा व कोणी."

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं त्यात निम्मा दोष त्या टाळ्यांचा आहे.

माझ्या मोठ्या बहिणीचं, मोनालीचं, साक्षगंध म्हणजे साखरपुडा ठरला. मुलगा राजदीप, लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला. त्याची आई विमलताई बोलणी करायला बाभुळगावला आमच्या घरी आल्या. त्यांनी हुंड्याचं नाव काढलं नाही, मानपानाचं काढलं नाही. चहाचा कप खाली ठेवला आणि थेट बाबांकडे पाहिलं.

"इवाई, माह्या मालकाले दारूनं नेलं. वीस वर्षं मी त्या माणसाचं तोंड हुंगून झोपली. साक्षगंधाच्या दिवशी तुमच्या दारात मले तो वास आला, तं मी पाणी न पेता पोराले घेऊन वापस जाईन. आत्ताच सांगून ठेवते."

"बरोबर हाये तुमचं," बाबा म्हणाले. एवढंच. पण त्यांच्या हातातली बशी वाजली.

कारण विमलताईंना सगळं माहीत होतं. माझे बाबा, बाबाराव, मोटर वायंडिंग करतात. जळालेली मोटर त्यांच्या हातात दिली की दुसऱ्या दिवशी गुणगुणत परत येते. पण दोन वर्षांपूर्वी ढाणकीला एका लग्नात हाच माणूस आइस्क्रीमच्या टेबलावर पालथा पडला होता. मी तेव्हा सातवीत होते. त्यांची एक चप्पल हातात धरून मी मंडपात उभी होते आणि लोक माझ्याकडे बघत होते. आता त्यांना दारू सोडून चौदा महिने झाले होते. चौदा महिने म्हणजे किती, हे ज्यांच्या घरात असं काही नसतं त्यांना कळायचं नाही. आमच्या घरी कुणी ते मोठ्यानं बोलत नाही. बोललं तर मोडेल असं वाटतं.

आमच्याकडच्या कार्यक्रमात दारू समोर कधीच नसते. ती मंडपामागे असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीआड, नाहीतर कडब्याच्या गंजीआड. जेवणाआधी एकेक पुरुष "आलोच" म्हणून उठतो आणि परत येतो तेव्हा डोळे लाल. बाबाही असेच "आलोच" म्हणायचे. मी खूप विचार केला (विचार मी फार करते), आणि मला वाटलं, या माणसांच्या हातांना काहीतरी काम पाहिजे. ग्लास, बर्फ, थोडं हे, थोडं ते. तेच काम मंडपाच्या ऐन पुढं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर दिलं तर मागे जायचं कारणच राहणार नाही. म्हणून मी ठरवलं: सरबताचं काउंटर. वाढपी नाही, कुणी आणून देणार नाही. ज्यानं त्यानं आपल्या हातानं बनवून प्यायचं.

पुठ्ठ्यावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं: "आपला हात, आपलं सरबत." खाली: पहिले बर्फ, मग रस, मग मीठ-मसाला, मग ढवळा.

बाबांना ते इतकं आवडलं की त्यांनी दुकानातलं काम बाजूला ठेवलं. चार स्टीलच्या टाक्यांना भोकं पाडून पितळी तोट्या बसवल्या. एक थेंब गळत नव्हता. "पाह्य," ते तोटी फिरवत म्हणाले, "बोटानं उघडते, बोटानं बंद. पाहुण्यांचं काम सोपं पाहिजे." तीन टाक्या ठरल्या होत्या. कैरीचं पन्हं, बेलाचं सरबत, लिंबूपाणी. चौथीत काय?

"मोहफुलाचं सरबत," मी जाहीर केलं.

आईच्या हातातून लाटणं निसटलं. "माह्या, या कौसल्याच्या, घरात मोह? या साक्षगंधाले? दीपे, तुले अक्कल हाये का?"

मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि भाषण दिलं. फूल निर्दोष असतं. ते सडवतात म्हणून त्याची दारू होते, नुसतं फूल मनुक्यासारखं गोड असतं. माणसानं फुलाला बदनाम केलं. आपण त्याला त्याचं नाव परत मिळवून देऊ. मोनालीनं पदरानं डोळे पुसायचं नाटक केलं. आई काही विरघळली नाही. पण दारात बसलेले बाबा म्हणाले, "करू दे तिले. फूलच तं हाये."

ते माझ्यावर विश्वास ठेवून बोलले. हे वाक्य मला नंतर फार टोचलं.

सुकी फुलं आणली वर्षाकडून. वर्षा माझ्या वर्गातली, तांड्यावर राहते. तिच्या आजीनं, धनीबाईनं, ओंजळी भरभरून फुलं माझ्या पिशवीत टाकली आणि माझा कान धरला. खरोखर धरला.

"छोरी, ऐक. भिजत घालू नको. पाणी खळखळ उकळ, त्यात टाक, गाळ, आणि त्याच दिवशी संपव. रात्र गेली की फूल तुझं ऐकत नाही."

"हो आजी."

"काय सांगितलं?"

"उकळायचं, गाळायचं, संपवायचं."

सांगितलं मी बरोबर. केलं मात्र माझ्या डोक्यानं. साक्षगंध रविवारी संध्याकाळी होतं. शनिवार-रविवार चुलीवर जागा मिळणार नव्हती. शिवाय मला वाटलं, उकळलं की सुगंध उडून जाईल. मनुका जितक्या भिजतात तितक्या फुगतात, मग मोहाचंही तसंच असणार. म्हणून शुक्रवारी सकाळी मी फुलं कुटली, कोमट पाण्यात टाकली, वर ओंजळभर गूळ घातला आणि वीस लिटरच्या कॅनमध्ये भरून झाकण घट्ट लावलं.

आता ठेवायची कुठं? घरात मामाची, आत्याची पोट्टी जमलेली. कॅन दिसली की उघडणारच. आणि ऊन असं की मोरीतलं पाणीसुद्धा चटका देत होतं. थंड जागा पाहिजे. मला आठवलं, बर्फवाला लादी भुशात पुरतो. म्हणजे भुसा थंड. आणि आमच्या मागच्या खोलीत तर छताला भिडेल एवढा कापूस पडलेला, भाव यायची वाट बघत. कापूस भुशापेक्षा मऊ, म्हणजे भुशापेक्षा थंड. विज्ञानात मला ब्याऐंशी मार्क आहेत, तरी हे असं.

कोपरापर्यंत हात घालून मी कॅन कापसाच्या ढिगात पुरली. वर टिनाचं छत. हाताला कापसातले बारीक किडे चावले, लाल लाल फोड उठले. बाबांनी विचारलं, "कॅन कुठं ठेवली व?"

"सिक्रेट," मी म्हटलं.

त्यांना एकदा जरी सांगितलं असतं ना.

रविवारी चार वाजता अंगणात मंडप सजला. माझं काउंटर अगदी पुढे, पाहुणे शिरतात तिथंच. चार टाक्या, त्यांच्या पुढे वाट्याच वाट्या: काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, पुदिना, भिजलेला सब्जा, लिंबाच्या फोडी, मिरीची पूड, कैरीचे तुकडे. मधोमध बर्फाचं घमेलं. बोट ठेवायला जागा नव्हती आणि मला त्याचाच अभिमान. आई जाता जाता म्हणाली, "अव, ग्लास ठेवाले तरी जागा ठेव."

"ग्लास हातात धरायचा असतो, आई. हीच तर मजा आहे."

ती कपाळावर हात मारून गेली.

मग मी कॅन आणायला मागे गेले. कापसातून ओढून काढली तर ती पोटुशीसारखी फुगलेली. झाकण फिरवलं आणि ते फस्स करून माझ्या हातातून उडालं. वर पांढरा फेस.

खरं सांगते, वास आला होता. गोड, आणि गोडाच्या मागे आंबूस, आणि त्याच्याही मागे आणखी काहीतरी, जे मला माहीत होतं. पण बाहेर गाड्यांचे हॉर्न वाजत होते, मोनाली "दीपा, पिना कुठं हायेत?" म्हणून ओरडत होती, आणि मी स्वतःला सांगितलं, मोहाचा वास असाच असतो. फेस? अरे वा, सोड्याशिवाय सोडा! मी ते फडक्यातून गाळून चौथ्या टाकीत ओतलं आणि तिच्यावर चिठ्ठी लावली: "मोहफूल. आजचं खास."

पाहुणे आले. विमलताई पांढऱ्या साडीत, ताठ. त्यांच्या मागे राजदीप, त्याचे मित्र, चुलते. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या. सगळे उभे राहिले, हात जोडले, त्रिसरण आणि पंचशील झालं. पाचवं शील, नशा न करण्याचं, म्हणताना बाबांचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. मी डोळे किलकिले करून पाहिलं. विमलताईंनी त्यांच्याकडे मान वळवली होती. चेहरा कडकच, पण मान वळवली होती.

अंगठ्यांना अजून वेळ होता. माईक माझ्याकडेच. मी काउंटर जाहीर केलं, खास टाकी आधी विमलताईंसाठी राखून ठेवली, लोक हसत हसत आले, रांग लागली. आणि काय सांगू! राजदीपचे चुलते सब्जा चमच्यानं मोजून घेत होते. एक आजोबा पुदिना चुरडून हाताला लावून हुंगत होते. "माह्यात मीठ जास्त झालं." "मंग लिंबू पीळ." "ए, तुहं दाखव." कुणीही "आलोच" म्हणून उठलं नाही. मला वाटलं, मी जिंकले.

बाबा काउंटरच्या टोकाला उभे होते, अंगात नवा शर्ट. विमलताई रांगेत आल्या तसे ते पुढे झाले.

"ताई, काय घेता? आज सगळं पोरीनं केलं."

"खास काय हाये म्हणते? मोहफूल?" विमलताईंनी चिठ्ठी वाचली. भुवया वर गेल्या.

"फुलाचं सरबत आहे, ताई," मी घाईनं म्हटलं. "नुसतं फूल. आणि गूळ."

"थांबा, मी पहिले चाखतो, मंग तुम्हाले देतो," बाबा म्हणाले. त्यांनी ग्लासात बर्फ टाकला, आपणच बसवलेली तोटी बोटानं फिरवली, ग्लास काठोकाठ भरला. उचलला.

आणि थांबले.

ग्लास छातीपाशी. नाकपुड्या हलल्या. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण आतून कुणीतरी उठून गेल्यासारखं. त्याच क्षणी मलाही तो वास पूर्ण कळला. ढाणकीच्या मंडपातला. रात्री दाराला कडी लावताना येणारा. धुतलेल्या शर्टातूनही न जाणारा.

बाबांनी ग्लास खाली ठेवायला टेबलाकडे पाहिलं. मग पुन्हा ग्लासाकडे. त्यांचा हात हलायला लागला. बर्फ काचेवर वाजत होता, टिणटिण, टिणटिण. मी मनात ओरडत होते, ठेवा, बाबा, ठेवा. जानेवारीच्या आधीची दीपा परत आली होती.

तेवढ्यात रवीकाका. हे बाबांचे चुलतभाऊ, आणि मंडपामागच्या मंडळींचे म्होरके. बाबा बोलत होते तेवढ्यात त्यांनी शेजारून हात घालून अर्धा ग्लास भरून घेतला होता, आणि आता तो रिकामा करून त्यांनी मिटक्या मारल्या. डोळे चमकले.

"वा रे बाबाराव! मी म्हटलं सरबत प्यावं लागते का काय आज! समोरच सोय केली ना गा!"

हे ते हळू बोलले असते तरी ऐकू गेलं असतं. पण रवीकाका हळू बोलत नाहीत.

मंडपातला आवाज एकेका खुर्चीगणिक कमी होत गेला. पंख्याची घरघर तेवढी राहिली. विमलताईंनी एक पाऊल मागे घेतलं. त्यांनी टाकीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. बाबांच्या हातातल्या ग्लासाकडे पाहिलं.

"राजदीप," त्या म्हणाल्या. "गाडी काढ."

स्टेजवर मोनाली उभी राहिली. राजदीप खुर्चीवरून अर्धा उठला आणि तसाच राहिला, ना बसलेला ना उभा. आई स्वयंपाकघराच्या दारात, हात पिठाचे.

माझ्या लक्षात आलं: इथं एकही माणूस माझ्यावर संशय घेणार नाही. चौदा महिने गेले, तरी या अंगणात दारूचा वास आला की बोट फक्त एकाच माणसाकडे जाणार. आणि बाबांना ते माझ्याआधी कळलं होतं. त्यांनी एवढंच म्हटलं असतं तरी सुटले असते, "पोरीनं केलं, मले माहीत नाही." ते खरंही होतं.

बाबा म्हणाले, "ताई, चूक माही हाये. पोरीले दोष देऊ नका. मोनालीले तं नकाच देऊ."

बर्फ टिणटिण.

माईक माझ्या कमरेला ओढणीत खोचलेला होता. मी तो काढला. चालू केला तर कर्कश्श शिट्टी वाजली, सगळे दचकले.

"ते खोटं बोलून राह्यले," मी म्हटलं. गॅदरिंगमधली शुद्ध भाषा कुठं गेली कोण जाणे. "बाबांनी नाही केलं. मी केलं. शुक्रवारी सकाळी फुलं भिजवली. धनीबाईनं कान धरून सांगतलं होतं, उकळ अन् त्याच दिवशी संपव. मी नाही ऐकलं. वरून गूळ टाकला. अन् कॅन कापसात पुरून ठेवली."

"कापसात?" कुणीतरी विचारलं.

"थंड राहते म्हणून."

मागे एक जण खुदकन हसला आणि लगेच गप्प झाला. मी बाही वर केली. "हे पाहा, किडे चावले. आज झाकण उघडलं तेव्हा फेस होता, वासही आला होता. मले वास कळला होता. मी म्हटलं, असाच असते. कारण मले माह्या टाकीचं कौतुक व्हायला पाहिजे होतं." मी बाबांकडे वळले. "बाबांना कॅन कुठं हाये हेही माहीत नव्हतं. मी सिक्रेट म्हटलं होतं."

माईक माझ्याच श्वासाचा आवाज सगळ्यांना ऐकवत होता, म्हणून मी तो बंद केला.

"बायालेकी घरच्या माणसाले वाचवतात," विमलताई म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. "मीही वीस वर्षं वाचवलं. शेजाऱ्यांना सांगो, तब्येत बरी नाही. तुले काय वाटते, मले हे समजत नाही?"

हे मला अपेक्षितच नव्हतं. खरं सांगितलं की लोक मानतात, असं मी समजत होते. आता काय बोलायचं? आणि मग चुकीच्या माणसानं तोंड उघडलं.

"पोट्टी खरं बोलते व ताई," रवीकाका म्हणाले. रिकाम्या ग्लासाचा तळ नाकाशी धरून ते जाणकारासारखे हुंगत होते. "ही बाटलीतली नाही. भट्टीचीही नाही. कच्ची हाये. दोन दिवसाची, लय झालं तं अडीच. अजून दोन दिवस पाहिजे होते. बाबाराव असं अर्धवट काम करत नाही."

इतर वेळी आईनं त्यांना लाटण्यानं मारलं असतं. विमलताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. वीस वर्षांच्या अनुभवाला दुसरा अनुभव भेटला होता. मग त्या बाबांकडे वळल्या.

"पेले का तुम्ही यातलं?"

"ओठाले नाही लावला." बाबांनी मान खाली घातली. "तोंडाचा वास घ्या, ताई. सगळ्यांसमोर घ्या."

ते तोंड उघडून उभे राहिले. माझे बाबा, दवाखान्यात मूल उभं राहतं तसे. मला वाटलं, जमीन फाटावी आणि तिच्यात मी आधी जावं.

विमलताई पुढे झाल्या. पण वास घेतला नाही. त्यांनी बाबांच्या हातातून ग्लास काढून घेतला, उजेडात धरला. काठोकाठ होता. हात हलल्यानं दोन-चार थेंब शर्टावर सांडले होते, तेवढेच.

"मी शपथ घेतली, आता कोणाचं तोंड हुंगाचं नाही," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे: "चल. कापूस दाखव."

मागच्या खोलीत त्या एकट्याच माझ्याबरोबर आल्या. दारात मोनाली आणि राजदीप येऊन थांबले. ढिगात कॅनच्या जागी खोल खड्डा पडला होता, कडेला गुळाच्या पाण्याचे पिवळे डाग. विमलताईंनी बांगड्या मागे सारल्या आणि कोपरापर्यंत हात त्या खड्ड्यात घातला. कितीतरी वेळ ठेवला. मी त्यांचा चेहरा बघत होते, निकालाच्या दिवशी फळ्याकडे बघतात तसा.

"बाई गं," त्या म्हणाल्या. "अंडे ठेवले असते तं पिल्लं निघाली असती."

दारातून राजदीपचा हसू दाबल्याचा आवाज आला. विमलताई हसल्या नाहीत. हात बाहेर काढून त्यांनी खाजवला, तिथं एक लाल फोड उठत होता. त्यांनी तो पाहिला, मग माझा हात पाहिला.

"गाडी राहू दे," त्या राजदीपला म्हणाल्या. "पण ती टाकी या घरात असेस्तोवर मी अंगठी घालू देणार नाही."

टाकी परसातल्या खड्ड्यात, उकिरड्यावर रिकामी करायची ठरली. ती जड होती. बाबांनी एक कडी धरली, मी दुसरी. सगळा मंडप बघत होता: बाबाराव मोहाची टाकी घेऊन घराच्या मागे चालले. मागे. जिथं न जाण्यासाठी मी हे सगळं मांडलं होतं. मला पाठीत त्या नजरा जाणवत होत्या.

खड्ड्यापाशी बाबांनी कडी सोडली. "तूच ओत," ते म्हणाले. "मी तिकडं तोंड करतो."

ते पाठ फिरवून कपडे वाळत घालायची तार धरून उभे राहिले. मी टाकी कलती केली. फेसाळ, पिवळं पाणी शेणात शिरलं. वास असा भसकन वर आला की मीच मागे सरले. तार कुरकुरत होती, ते ती इतकी ओढत होते.

"झालं?"

"झालं."

"माती टाक वरून."

मी फावड्यानं माती टाकली. आणखी टाकली. "बाबा, मले माफ करा."

ते वळले. डोळे लाल होते, पण ते वेगळे लाल. "चौदा महिने झाले, पण नाक काही इसरलं नाही. लय जोरात ओळखलं त्यानं."

"मंग पेले काहून नाही?" मी विचारायला नको होतं. पण मी विचारते, ही आता माझी सवय.

त्यांनी तळहातावरचा तारेचा वळ चोळला. मग म्हणाले, "मी तो ग्लास ठेवाले जागा शोधून राह्यलो होतो. एवढं मोठं टेबल, अन् बोटभर जागा नाही. सगळीकडं वाट्याच वाट्या. हातातच धरून ठेवा लागला. हातात असलं की लय कठीण जाते, दीपे. खाली ठेवता आलं पाहिजे."

ते नळाखाली तोंड धुवायला गेले. मी रिकामी टाकी ओढत मंडपात आणली, चिठ्ठी फाडली, टाकी तीनदा राखेनं घासली आणि तिच्यात साधं पाणी भरलं. मग टेबलापाशी उभी राहिले. कैरीचे तुकडे उचलले, मिरीची पूड उचलली, सब्ज्याची वाटी बर्फाच्या घमेल्याला चिकटवली. टेबलाच्या ऐन मध्ये हातभर जागा मोकळी केली, फडक्यानं कोरडी पुसली.

"हे काहून रिकामं?" राजदीपच्या चुलत्यांनी विचारलं.

"ग्लास ठेवायला."

बाबा आले. तोंडावरून पाणी निथळत होतं. मंडपात कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं, म्हणजे सगळेच बघत होते. त्यांनी नवा ग्लास घेतला. बर्फ. लिंबूपाणी. काळं मीठ, चिमटीनं. हात अजून हलत होता, बर्फ वाजत होता. घटाघटा प्यायले, तोंड पुसलं, आणि रिकामा ग्लास त्या मोकळ्या जागेत ठेवला. आवाज थांबला.

विमलताई पुढे आल्या. मी त्यांच्यासाठी ग्लास भरायला हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला.

"आपला हात लिहिलं ना तू? मंग मले करू दे."

त्यांनी वाचत वाचत, बोट ठेवून, एकेक केलं. पहिले बर्फ, मग रस. अर्धा ग्लास प्यायल्या आणि बाबांच्या ग्लासाशेजारी ठेवला.

"इवाई," त्या म्हणाल्या, "पोरीले बोलवा. अंगठीचा वेळ चालला."